नंबर जातो, डोळा तोच राहतो: चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि लेसर शस्त्रक्रिया

डोळ्यांविषयी बोलताना आपण 'नंबर' हा एकच शब्द सगळीकडे वापरतो. नंबर लागला, नंबर वाढला, लेसर करून नंबर घालवला. यातल्या शेवटच्या वाक्यात एक गफलत दडलेली आहे. शस्त्रक्रियेने जातो तो चष्म्याचा नंबर, म्हणजे बाहेरून भिंग लावण्याची गरज. ती गरज ज्या कारणाने निर्माण झाली ते कारण बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनंतरही डोळ्यात जसेच्या तसे असते. हा फरक एकदा ध्यानात आला की चष्मा, लेन्स आणि लेसर यांतले काय कोणाला सोयीचे, लेसरसाठी कोणाला नकार मिळतो आणि पंचविसाव्या वर्षी शस्त्रक्रिया केलेल्या माणसाला पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा चष्मा का लागतो, या प्रश्नांची उत्तरे आपोआप उलगडत जातात.

आधी नंबर म्हणजे काय ते पाहू. भिंगाची शक्ती डायॉप्टर या एककात मोजतात. भिंग प्रकाशकिरण जितक्या मीटरवर एकत्र आणते त्या अंतराने एकाला भागले की डायॉप्टर मिळतात. अर्ध्या मीटरवर किरण एकत्र आणणारे भिंग २ डायॉप्टरचे. चष्म्याच्या चिठ्ठीवर लिहिलेला उणे किंवा अधिक आकडा हाच असतो. लघुदृष्टी असलेल्या, म्हणजे लांबचे अंधुक दिसणाऱ्या माणसाच्या बाबतीत या आकड्याचा अर्थ घरबसल्या पडताळता येतो. उणे २ नंबर असेल तर चष्मा काढल्यावर साधारण ५० सेंटीमीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसते, उणे ४ असेल तर २५ सेंटीमीटरपर्यंतचे, आणि उणे ८ असेल तर जेमतेम साडेबारा सेंटीमीटरपर्यंतचे, म्हणजे पुरते वीतभरही नाही.

निरोगी डोळ्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर असते. ती सगळी आतल्या नैसर्गिक भिंगाची असते असा अनेकांचा समज असतो, परंतु तिचा दोन-तृतीयांशांहून अधिक भाग, साधारण ४३ डायॉप्टर, डोळ्याच्या अगदी पुढे असलेल्या पारदर्शक घुमटाचा असतो. या घुमटाला पारपटल किंवा डॉक्टरांच्या बोलण्यात कॉर्निया म्हणतात. हवेतून आलेला प्रकाश पहिल्यांदा वाकतो तो येथे. त्याच्या मागे बाहुली, मग भिंग, आणि सुमारे २४ मिलिमीटर अंतरावर दृष्टिपटल, म्हणजे चित्र उमटते तो मागचा पडदा. पुढची शक्ती आणि मागचे अंतर यांचा मेळ बसला की चित्र स्पष्ट उमटते. नेत्रगोल लांबट वाढला तर चित्र दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते. एक मिलिमीटर जादा लांबीमागे साधारण अडीच ते तीन डायॉप्टरचा उणे नंबर लागतो. म्हणजे उणे ६ नंबर असलेल्या बहुतेकांचा डोळा सुमारे दोन मिलिमीटर अधिक लांब असतो, इतकेच. दीर्घदृष्टीत बहुधा याच्या उलट घडते. सिलिंडरचा नंबर मात्र मुख्यतः आकाराचा प्रश्न आहे: पारपटल चेंडूसारखे सर्व बाजूंनी सारखे गोल असण्याऐवजी चमच्याच्या पाठीसारखे एका दिशेने अधिक वाकलेले असते.

या बिघडलेल्या मेळावर तिन्ही उपायांचा इलाज तत्त्वतः एकच आहे. नेत्रगोलाची लांबी कोणीच बदलत नाही. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाचे वाकणे तेवढे कमी-जास्त केले जाते. चष्म्यात ही दुरुस्ती डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर पुढे होते, कॉन्टॅक्ट लेन्समध्ये ती अश्रूंच्या थरावर येऊन बसते आणि लेसरमध्ये ती पारपटलाच्या ऊतीतच, म्हणजे त्याच्या पेशीजालातच, कोरली जाते. दुरुस्ती डोळ्याच्या जितकी जवळ येते तितकी दिसण्यातील नैसर्गिकता वाढते, आणि तितकेच ती मागे घेणे अवघड होत जाते.

चष्म्याबद्दल फार लिहावे लागू नये, तरी दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली म्हणजे डोळ्यापासूनचे ते १२ मिलिमीटर अंतर. उणे भिंग डोळ्यापासून दूर असल्याने त्यातून वस्तू थोड्या लहान दिसतात, काचेच्या कडेने पाहिले तर सरळ रेषा वाकतात आणि चौकटीबाहेरचे जग अस्पष्ट राहते. उणे १ किंवा २ नंबराला हे जाणवतही नाही. उणे १० नंबराला ते रोजच जाणवते. दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठे अंतर असेल तर दोन्हींतून दिसणाऱ्या चित्रांचा आकार वेगळा होतो आणि मेंदूला ती एकत्र जुळवताना त्रास होतो. अशा माणसाला लेन्स किंवा लेसर केवळ दिसण्याच्या हौसेसाठी हवी असते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. दुसरी गोष्ट म्हणजे चष्मा हा तिघांपैकी एकमेव उपाय आहे जो डोळ्याला स्पर्श करत नाही. तो चुकीचा निघाला तर काच बदलता येते, नंबर बदलला तर नवा करता येतो आणि त्याने डोळ्याला जंतुसंसर्ग होत नाही. चष्मा लावल्याने नंबर वाढतो ही समजूत मात्र अजून घराघरांत टिकून आहे. वाढत्या वयात नंबर वाढतो तो नेत्रगोल वाढत असतो म्हणून. लागणारा चष्मा न लावता मूल शाळेत फळ्याकडे डोळे बारीक करून पाहत बसले तर त्या वाढीला आळा बसत नाही, मुलाचे शिकणे तेवढे मागे पडते.

कॉन्टॅक्ट लेन्स समजून घ्यायची तर पारपटलाचे एक वैशिष्ट्य माहीत हवे. ते पारदर्शक राहावे म्हणून त्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः थेट हवेतून, अश्रूंत विरघळून मिळतो. त्यावर लेन्स ठेवणे म्हणजे त्याच्या नाकातोंडावर फडके धरण्यासारखे आहे. फडके किती विरळ विणीचे आणि ते किती वेळ धरले यावर सगळे अवलंबून असते. अडॉल्फ ऑयगेन फिक या नेत्रवैद्याने १८८० च्या दशकात काचेच्या लेन्स डोळ्यावर बसवून पाहिल्या, त्या काही तासांपलीकडे सहन होत नसत. मऊ लेन्सचा शोध प्रागमधील रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तरले यांचा. १९६१ च्या नाताळात त्यांनी घरच्या टेबलावर, मुलांच्या धातूच्या जोडखेळण्यातील तुकडे जोडून एक फिरते यंत्र बनवले आणि त्यात पाणी शोषणाऱ्या प्लॅस्टिकच्या पहिल्या काही लेन्स ओतल्या. आजच्या सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्स त्याहून कितीतरी अधिक प्राणवायू पार जाऊ देतात, पण झोपेत पापण्या मिटलेल्या असताना त्यांनाही मर्यादा पडते.

आकडेच सांगायचे तर १९८९ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका गाजलेल्या पाहणीत दिवसा मऊ लेन्स वापरून रात्री काढणाऱ्यांमध्ये पारपटलाला जंतुसंसर्गाने जखम होण्याचे प्रमाण दर वर्षी १०,००० जणांमागे सुमारे ४ होते, तर लेन्स घालून झोपणाऱ्यांमध्ये ते सुमारे २१ होते. लेन्सचे साहित्य त्यानंतर बरेच सुधारले, पण रात्रीच्या वापरातील धोका कित्येक पटींनी अधिक राहतो हे नंतरच्या पाहण्यांतही दिसत राहिले. पाण्याचा धोका याहून कमी परिचित आहे. नळाच्या, विहिरीच्या किंवा पोहण्याच्या तलावाच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. तो लेन्सखाली अडकला तर होणारा आजार क्वचित होत असला तरी अत्यंत वेदनादायक आणि बरा व्हायला महिनोन्‌महिने घेणारा असतो. म्हणून लेन्सची डबी नळाखाली विसळायची नाही, लेन्स घालून पोहायचे नाही आणि लेन्सला हात लावण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करायचे, हे नियम बारीकसारीक वाटले तरी पाळावे लागतात. ज्या घरात गच्चीवरच्या टाकीचे पाणी वर्षातून एकदा टाकी धुतल्यावरच खात्रीचे होते, तेथे तर अधिकच. रोज नवी उघडून रात्री टाकून द्यायची लेन्स महाग पडते, परंतु डबी आणि द्रावण या दोन्ही चुकांच्या जागा ती वगळून टाकते.

काहींसाठी कॉन्टॅक्ट लेन्स हा चष्म्याला पर्याय नसून एकमेव मार्ग असतो. पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा केरॅटोकोनस नावाचा विकार असलेल्यांना चष्म्यातून स्वच्छ दिसत नाही, कारण ओबडधोबड पृष्ठभागाची भरपाई चष्म्याची काच करू शकत नाही. कडक, वायू पार जाऊ देणारी लेन्स त्या ओबडधोबड पृष्ठभागावर स्वतःचा गुळगुळीत पृष्ठभाग पसरते आणि मधली पोकळी अश्रूंनी भरून निघते. हा विकार लक्षात ठेवावा, लेसरच्या संदर्भात तो पुन्हा येणार आहे.

पारपटलाचा आकार बदलून नंबर घालवण्याची कल्पना लेसरच्या आधीची आहे. कोलंबियातील बोगोटा येथे होसे बराकेर या नेत्रशल्यविशारदाने विसाव्या शतकाच्या मध्याला पारपटलाची चकती कापून, ती गोठवून, लहानशा लेथवर घासून पुन्हा डोळ्यावर बसवण्याची पद्धत काढली. विचार अचूक होता, हत्यार ओबडधोबड होते. योग्य हत्यार सापडले ते दुसऱ्याच कामासाठी चाललेल्या संशोधनातून. चेन्नईत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन हे आयबीएम या संगणक कंपनीच्या न्यूयॉर्क राज्यातील संशोधन केंद्रात जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम यांच्यासह एक्सायमर या अतिनील प्रकाशाच्या लेसरवर काम करत होते. नोव्हेंबर १९८१ मध्ये थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या मेजवानीतील उरलेला टर्की पक्ष्याच्या मांसाचा तुकडा त्यांनी प्रयोगशाळेत आणला आणि त्यावर १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील लेसर सोडला. शेजारच्या मांसाला न भाजता सुबक खाच पडली. तुलनेसाठी वापरलेल्या हिरव्या लेसरने मात्र मांस करपले.

असे का झाले हे समजण्यासारखे आहे. १९३ नॅनोमीटरच्या प्रत्येक प्रकाशकणात इतकी ऊर्जा असते की तो रेणूंमधील बंध थेट तोडतो, आणि ऊतीत तो इतक्या उथळपणे शोषला जातो की वरचा अतिशय पातळ थर सुटून उडून जातो व उष्णता आत पसरायला वेळच उरत नाही. लेसरच्या एका स्पंदाने मायक्रॉनचा सुमारे पाव भाग निघतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. 'लेसरने डोळा जाळतात' हे बोलणे म्हणूनच चुकीचे आहे, जरी शस्त्रक्रियेच्या वेळी केस जळल्यासारखा वास रुग्णाला येत असला तरी. स्टीफन ट्रोकेल या नेत्रशल्यविशारदाने १९८३ मध्ये श्रीनिवासन यांच्यासोबत हा लेसर पारपटलावर वापरून दाखवला, १९८८ मध्ये मार्गरिट मॅकडॉनल्ड यांनी चांगली दृष्टी असलेल्या मानवी डोळ्यावर तो पहिल्यांदा वापरला आणि १९९५ मध्ये अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली.

आज नेत्रालयांत जी नावे ऐकू येतात ती मुळात तीन पद्धतींची आहेत. सर्वांत जुनी पीआरके: पारपटलावरची नाजूक त्वचा बाजूला करून थेट खालच्या थरावर लेसर चालवायचा, वर पट्टीसारखी एक लेन्स ठेवायची आणि तीन ते पाच दिवसांत त्वचा पुन्हा भरून येऊ द्यायची. हे दिवस दुखरे असतात आणि दृष्टी पूर्ण स्वच्छ व्हायला काही आठवडे जातात. दुसरी लॅसिक, जी ग्रीसमधील क्रीट येथे इओआनिस पालिकारिस यांनी १९९० च्या सुमारास पुढे आणली. यात पारपटलाचा साधारण ११० मायक्रॉन जाडीचा एक पापुद्रा एका बाजूला जोडलेला ठेवून पुस्तकाच्या पानासारखा उलटायचा, खालच्या ऊतीवर लेसर चालवायचा आणि पान पुन्हा मिटायचे. वरची त्वचा जवळपास अखंड राहिल्याने वेदना कमी होतात आणि दुसऱ्या दिवशी माणूस कामावर जाऊ शकतो; या पद्धतीच्या लोकप्रियतेचे सगळे रहस्य या एका दिवसात आहे. पापुद्रा पूर्वी पात्याने कापत, आता बहुतेक ठिकाणी अत्यंत अल्पकाळाची स्पंदने सोडणाऱ्या फेम्टोसेकंद लेसरने कापतात. या लेसरच्या वापरामागेही एक अपघात आहे: अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अशा लेसरचा किरण एका संशोधक विद्यार्थ्याच्या डोळ्यात गेला आणि तपासणाऱ्या डॉक्टरला झालेली इजा आश्चर्य वाटावे इतकी नेमकी आढळली. इतक्या अल्पकाळाची आणि प्रखर स्पंदने निर्माण करण्याच्या तंत्राबद्दल जेरार मुरू आणि डोना स्ट्रिकलंड यांना २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकातील वाटा मिळाला.

तिसरी पद्धत स्माइल. जर्मनीत वाल्टर सेकुंडो आणि मार्कुस ब्लूम यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत पापुद्रा उचलतच नाहीत. फेम्टोसेकंद लेसर पारपटलाच्या आतच भिंगाच्या आकाराची एक पातळ चकती सुटी करतो आणि शल्यविशारद ती दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून ओढून काढतो. वरचा थर आणि त्यातील चेतातंतू कमी कापले जात असल्याने डोळे कोरडे पडण्याचा त्रास बहुधा कमी होतो; मात्र ही पद्धत प्रामुख्याने लघुदृष्टी आणि तिच्यासोबतच्या सिलिंडरसाठी वापरली जाते, आणि थोडा नंबर शिल्लक राहिला तर पुन्हा दुरुस्ती करणे लॅसिकइतके सरळ नसते. जाहिरातींत या तिघींना आणखी कितीतरी आकर्षक नावे दिलेली आढळतात. नाव कोणतेही असो, त्वचा काढणार, पापुद्रा उलटणार की चकती ओढणार, एवढे विचारले की आपण कशाबद्दल बोलत आहोत ते कळते.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेला हिशेब पाहू, कारण नकार किंवा होकार मुख्यतः त्यावर ठरतो. लघुदृष्टी घालवायची तर पारपटलाचा मध्य चपटा करायचा, म्हणजे तेथील ऊती काढायची. साडेसहा मिलिमीटर व्यासाच्या भागावर काम करायचे असेल तर प्रत्येक डायॉप्टरमागे सुमारे १४ मायक्रॉन जाडीची ऊती काढली जाते. पारपटलाची मध्यावरची जाडी बहुतेकांमध्ये ५०० ते ५६० मायक्रॉन असते. समजा एकाचे पारपटल ५४० मायक्रॉनचे आणि नंबर उणे ४ आहे. लॅसिकमध्ये पापुद्र्याचे ११० आणि लेसरचे ५६ वजा केले तर खाली ३७४ मायक्रॉन अखंड राहतात. दुसऱ्याचे पारपटल ५०० मायक्रॉनचे आणि नंबर उणे ९ आहे. त्याचे ११० आणि १२६ वजा जाता २६४ उरतात. कमीत कमी २५० मायक्रॉन शिल्लक हवेत हा जुना दंडक कागदावर पाळला गेला, पण अनेक शल्यविशारद आता ३०० चा आग्रह धरतात, शिवाय या दुसऱ्या डोळ्यात एकूण जाडीच्या ४७ टक्के भागात फेरफार झालेला असतो आणि ४० टक्क्यांपलीकडे धोका वाढतो असे मानले जाते. पापुद्र्याची जाडी वजा का धरायची, तो तर परत बसवला जातो, असा प्रश्न कोणी विचारील. तो परत बसतो, पण पहिल्यासारखा कधीच सांधत नाही. पारपटलाच्या बळकटीत त्याचा वाटा जवळपास संपलेला असतो. जोराच्या माराने पापुद्रा वर्षांनंतरही सरकल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत, म्हणून कुस्ती, कबड्डी किंवा बॉक्सिंग खेळणाऱ्यांना पीआरकेचा सल्ला दिला जातो.

मर्यादेपेक्षा जास्त पातळ केलेले किंवा मुळातच कमकुवत असलेले पारपटल आतल्या दाबाने हळूहळू पुढे फुगू लागते. ही या शस्त्रक्रियेची सर्वांत गंभीर गुंतागुंत आहे, आणि म्हणूनच मघाचा केरॅटोकोनस येथे महत्त्वाचा ठरतो. त्याची सुरुवात बहुधा विशीच्या आगेमागे होते, सुरुवातीला त्याची लक्षणे साध्या सिलिंडरसारखीच असतात, आणि ॲलर्जीने डोळे खाजत असल्यामुळे ते जोरजोरात चोळणाऱ्यांमध्ये तो अधिक आढळतो. अशा डोळ्यावर लॅसिक केले तर विकार वेगाने बळावू शकतो. शस्त्रक्रियेपूर्वी पारपटलाच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागाचा रंगीत नकाशा काढतात तो मुख्यतः हा लपलेला विकार पकडण्यासाठी. लेन्समुळे पारपटलाचा आकार तात्पुरता बदलत असल्याने मऊ लेन्स एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून अधिक काळ आधी बंद ठेवावी लागते. लेन्स घालून सकाळी तपासणीला गेलेल्या माणसाचा त्याच दिवशी काढलेला नकाशा विश्वासार्ह नसतो. चांगल्या तपासणीनंतर मिळालेला नकार हा त्या नेत्रालयाच्या प्रामाणिकपणाचा पुरावा आहे असे माझे मत आहे, आणि एकाने नकार दिल्यावर दुसरीकडे होकार मिळवण्यासाठी फिरणारे तरुण आपल्याच डोळ्यांशी खेळत असतात.

बाकीच्या अटी थोडक्यात सांगता येतील. वय किमान १८ आणि नंबर निदान एक वर्ष स्थिर. गर्भारपणात आणि स्तनपान चालू असताना नंबर बदलू शकतो म्हणून थांबायचे. मधुमेह आटोक्यात नसेल, सांधेवातासारखे काही विकार असतील किंवा डोळे आधीच खूप कोरडे असतील तर अधिक सावध राहायचे. पोलीस, लष्कर, रेल्वे किंवा वायुसेनेच्या भरतीसाठी शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी त्या त्या पदाच्या वैद्यकीय अटी आधी वाचाव्यात, कारण त्या पदागणिक वेगळ्या आहेत. वायुसेनेच्या निकषांत तर नेत्रगोलाच्या लांबीलाही मर्यादा घातलेली आहे. चष्मा गेला तरी लांबी मोजता येते, आणि दृष्टिपटलाला असलेला धोका त्या लांबीवर अवलंबून असतो.

शस्त्रक्रिया प्रत्यक्षात फारच थोड्या वेळाची असते. डोळ्यात थेंब टाकून तो बधिर करतात, पापण्या उघड्या ठेवणारी चिमटी लावतात, वर्तुळाकार कडे काही सेकंद दाब देते तेव्हा दिसणे अंधुक होते आणि नंतर लेसर काही सेकंदच चालतो. डोळा किंचित हलला तर यंत्र त्याचा माग काढते. त्यानंतरच्या काळाबद्दल मात्र पुरेसे बोलले जात नाही. पारपटलातील चेतातंतू कापले गेल्याने डोळ्याला कोरडेपणाची जाणीव आणि अश्रू येण्याची सूचना दोन्ही काही महिने मंदावतात. रात्री दिव्यांभोवती वलये किंवा किरणे दिसू शकतात, विशेषतः अंधारात बाहुली मोठी होऊन लेसरने कोरलेल्या भागाच्या कडेबाहेरचा प्रकाश आत येतो तेव्हा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केलेल्या अभ्यासात ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण आपल्या दृष्टीबद्दल समाधानी होते. पण आधी असा कोणताही त्रास नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी दिसण्यातील किमान एक नवे लक्षण सांगितले, आणि आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तो जाणवला. या लक्षणांमुळे रोजच्या कामांत फार अडचण येते असे सांगणारे एक टक्क्याहून कमी होते. हे सगळे आकडे एकत्रच वाचायला हवेत. पहिला तेवढा जाहिरातीत असतो, दुसरा तेवढा घाबरवणाऱ्या चित्रफितींत.

नंबर फार मोठा किंवा पारपटल फार पातळ असेल तर डोळ्याच्या आत, बाहुली आणि नैसर्गिक भिंग यांच्यामध्ये, एक मऊ भिंग बसवण्याचा पर्याय आहे. त्याला आयसीएल म्हणतात. त्यात पारपटलाची ऊती काढली जात नाही आणि गरज पडल्यास भिंग बाहेर काढता येते; पण डोळ्याच्या आत शिरावे लागते, आत पुरेशी जागा लागते, मोतीबिंदू लवकर होण्याची शक्यता असते आणि पारपटलाच्या आतल्या पेशींची मोजणी अधूनमधून करत राहावी लागते.

यानंतरचा विषय चाळिशीचा. आपल्या भाषेने वयाला आणि वाचायच्या चष्म्याला एकच शब्द दिला आहे, आणि तो शास्त्राच्या दृष्टीनेही चपखल आहे. चाळिशीच्या आसपास डोळ्यातील नैसर्गिक भिंग इतके कडक होते की जवळचे पाहण्यासाठी त्याला पुरेसे फुगता येत नाही. याचा पारपटलाशी काहीही संबंध नाही, त्यामुळे पारपटलावर केलेली शस्त्रक्रिया चाळिशी टाळू शकत नाही. उलट येथे लघुदृष्टीच्या माणसाचे एक गुपित आहे. उणे अडीच नंबर असलेला पन्नाशीचा गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून ४० सेंटीमीटरवरचे वर्तमानपत्र आरामात वाचतो. लेसर केलेला त्याचा समवयस्क लांबचे चष्म्याविना पाहतो, पण औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचायला त्याला चाळिशी शोधावी लागते. पंचविशीतल्या माणसाने लेसर केले तर त्याला साधारण पंधरा-अठरा वर्षे चष्म्याविना मिळतात; चाळिशीच्या उंबरठ्यावरच्याने केले तर एक चष्मा जाऊन दुसरा येतो. काहींसाठी एक डोळा लांबचे पाहण्यासाठी आणि दुसरा उणे एक ते दीड ठेवून जवळचे पाहण्यासाठी अशी विभागणी करतात. मेंदू ती कितपत स्वीकारतो हे व्यक्तीगणिक वेगळे असते, म्हणून आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून काही दिवस तसे जगून पाहावे. मागे घेता येणारी वस्तू मागे न घेता येणाऱ्या निर्णयाची चाचणी घेण्यासाठी वापरण्याचा हा प्रकार मला या विषयातला सर्वांत शहाणा वाटतो.

खर्चाच्या बाबतीत तिघांची तुलना सरळ होत नाही. चष्मा हा थोड्याथोड्या वर्षांनी येणारा छोटा खर्च, लेन्स हा दरमहा चालू राहणारा, लेसर हा एकदाच होणारा मोठा, आणि पद्धत व शहर यांप्रमाणे तो काही दहा हजारांपासून लाखाच्या पुढेही जातो. आरोग्यविम्याच्या भरवशावर राहणाऱ्यांनी एक अट पाहून ठेवावी: भारतातील विमा नियामकाने ठरवलेल्या प्रमाण अपवादांनुसार ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च विमा कंपन्या नाकारू शकतात. अनेकांचा नंबर त्या खालीच असतो, म्हणजे पैसे बहुधा स्वतःचेच जातात.

शेवटी पुन्हा त्या लांबट नेत्रगोलाकडे यावे लागते. उणे ८ नंबर लेसरने शून्य झाला तरी डोळा सुमारे २७ मिलिमीटर लांबच राहतो आणि त्याच्या मागच्या भिंतीवरचे दृष्टिपटल ताणलेलेच राहते. त्याला छिद्र पडण्याचा, ते सुटण्याचा धोका शस्त्रक्रियेने कमी होत नाही. चष्मा नसल्याने तपासणीला जायचे निमित्त तेवढे नाहीसे होते. अचानक डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगू लागले, कोपऱ्यात वीज चमकल्यासारखी दिसली किंवा पडदा सरकल्यासारखे वाटले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, हे लेसर केलेल्यालाही तितकेच लागू आहे. पारपटल पातळ झाल्याने डोळ्याचा दाब मोजताना तो प्रत्यक्षाहून कमी दिसतो, म्हणून काचबिंदूच्या तपासणीत आपल्यावर शस्त्रक्रिया झाली आहे हे सांगावे लागते. आणि साठी-सत्तरीत मोतीबिंदू होईल तेव्हा डोळ्यात बसवायच्या भिंगाची शक्ती पारपटलाच्या वक्रतेवरून काढतात. लेसरने ती वक्रता बदललेली असल्यामुळे नेहमीची सूत्रे चुकतात आणि बसवलेल्या भिंगाने नको तो नंबर मागे राहू शकतो. त्यासाठी आता वेगळी सूत्रे आहेत, पण शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, पारपटलाची मूळ वक्रता, जाडी आणि काढलेल्या ऊतीचा आकडा हाती असेल तर हिशेबाला मोठा आधार मिळतो. नेत्रालये बंद होतात, डॉक्टर निवृत्त होतात, संगणकातल्या नोंदी पुसल्या जातात. म्हणून तपासणीच्या त्या रंगीत नकाशाची आणि शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत मागून घ्यावी, आणि जन्मदाखला व शाळेची प्रमाणपत्रे ज्या फाइलमध्ये असतात त्याच फाइलमध्ये ती लावून ठेवावी.